आईला "खोटं" इंजेक्शन मिळालं तर? डोळ्यांच्या ट्रायलबद्दल विचारायचंय

जुनीपाटी

मंडळी, जरा पेचात पडलेय. आईचं वय ७६, दोन्ही डोळ्यांत ड्राय मॅक्युलर डीजनरेशन, त्यातलाही पुढचा टप्पा, जिओग्राफिक ॲट्रोफी म्हणतात तो. म्हणजे पडद्याच्या मधल्या पेशी मरत मरत तिथे रिकामे डाग पडत जातात आणि ते हळूहळू पसरतात. कडेचं सगळं दिसतं, समोर बसलेल्याचा चेहरा मात्र गायब. परवा मला म्हणाली, "कानातलं नवीन घातलंस ते दिसतंय, पण तोंड कुठाय तुझं?"

नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं की एका नव्या औषधाची ट्रायल सुरू होतेय, फेज थ्री, म्हणजे मान्यतेआधीची शेवटची मोठी चाचणी, आईंना घ्यायचं का. एका डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन, दोन वर्षं. तीनातल्या दोघांना खरं औषध आणि एकाला "शॅम", म्हणजे इंजेक्शन दिल्याचं नुसतं नाटक. कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार, आम्हाला सांगणार नाहीत, नजर तपासणाऱ्यांनाही माहीत नसणार.

संमतीपत्र २६ पानी आहे. दोनदा वाचून दाखवलं. आईचं म्हणणं, "मला फसवणार, आणि फसवणार आहोत हे आधी सांगून सही घेणार. मग फसवलं कसं म्हणायचं?" दादा फोनवर ओरडला की आईचा पांढरा उंदीर करू नकोस.

तर कुणी स्वतः किंवा घरच्या कुणी अशा ट्रायलमध्ये भाग घेतलाय का? शॅममध्ये नक्की करतात काय? आणि सहीच्या आधी काय काय विचारून घ्यायचं? गुरुवारी परत जायचंय.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. विषय गंभीर आहे, गप्प बसून वाचणार. बघू किती वेळ जमतं.

स्पष्टवक्ता७

दादाचं बरोबर आहे. औषध चालतं की नाही हेच माहीत नाही म्हणून ट्रायल, मग आपल्या म्हातारीने का जावं? चालतं असं ठरलं की बाजारात येईलच, तेव्हा घ्या. आणि तीनातल्या एकाला काहीच न देता दोन वर्षं नुसतं बघत बसायचं, याला मी तरी उपचार म्हणत नाही.

कांचनी

@जुनीपाटी, मी नऊ वर्षं डोळ्यांच्या ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर होते म्हणून लिहिते. शॅमबद्दल लोकांना वाटतं तसं "काहीच करत नाहीत" असं नसतं.

खऱ्या इंजेक्शनला आधी भुलीचे थेंब, मग आयोडीनचं ते तपकिरी औषध (सगळ्यात जास्त तेच झोंबतं, सुई नव्हे), मग पापण्या मिटू नयेत म्हणून क्लिप, आणि डॉक्टर म्हणतात अमुक दिशेला बघा. सुई डोळ्याच्या पांढऱ्या भागातून जाते, बुब्बुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर. शॅममध्ये यातलं एकूण एक सगळं करतात, थेंब, आयोडीन, क्लिप, "वर बघा" सुद्धा. फक्त सिरिंजला सुई नसते, तिचं बोथट टोक त्याच जागी दाबतात. भूल दिलेली असल्यामुळे पेशंटला दोन्हीत दाबच जाणवतो. माझ्याकडचे एक आजोबा छातीठोकपणे सांगायचे की मला खरंच देतायत, सुई आत जाताना कळते. अभ्यास संपल्यावर याद्या उघडल्या तेव्हा कळलं, आजोबा शॅममध्ये.

इंजेक्शन देणारे डॉक्टर वेगळे असतात, त्यांना माहीत असतं. ते येतात, देतात, जातात, पेशंटशी गप्पा मारायच्या नाहीत असा नियमच असतो. अक्षरं वाचून घेणारा वेगळा, तपासणारे डॉक्टर वेगळे, आणि पडद्याचे फोटो मोजणारे तर भलत्याच गावात बसलेले. या दोन टोळ्यांनी एकमेकांशी त्या विषयावर अवाक्षर बोलायचं नाही. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीतसुद्धा टेबलं वेगळी पडली होती.

रिकामटेकडा

म्हणजे सासू-सुनेच्या भांडणात नवरा असतो तसा कोऑर्डिनेटर.

(सॉरी. जमलं नाही गप्प बसायला.)

वाकडीरेघ

मी याच आजाराच्या वेट प्रकारातली, पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या फुटून गळतात तो. चौकटीच्या कागदावरच्या सरळ रेघा मध्येच लाटांसारख्या दिसायला लागल्या म्हणून पकडलं गेलं, नाव त्यावरूनच घेतलंय. सहा वर्षं इंजेक्शनं घेतेय आणि हे मी स्वतः टाइप करतेय, तेव्हा माझा निकाल काय ते कळलंच असेल.

स्पष्टवक्ता, "ठरलं की घेऊ" म्हणणं सोपं आहे हो. माझं औषध, रॅनिबिझुमॅब, ठरलं कसं? मरिना नावाची ट्रायल झाली, ७१६ लोक होते. त्यातल्या २३८ जणांना शॅम. वर्षभराने औषधवाल्यांची नजर तक्त्यावर सरासरी ७ अक्षरांनी सुधारली आणि शॅमवाल्यांची १० अक्षरांनी घसरली. २००६ मध्ये औषधाला मान्यता मिळाली ती त्या फरकामुळे. मला ते २३८ लोक माहीत नाहीत, पण इंजेक्शनच्या खुर्चीत बसले की कधीकधी आठवतात.

स्पष्टवक्ता७

ताई, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. २३८ माणसांची नजर घसरताना बघत बसले. आणि आता हसतमुखाने आणखी एका आजींना तिथे बसवायचं.

मागचंपान

या वादात एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, लांबण लागेल, माफ करा.

१९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी लिहिलं की वेळेआधी जन्मलेल्या काही बाळांच्या भिंगामागे पांढरट पडदा तयार होतोय आणि बाळं आंधळी होतायत. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० बाळांची दृष्टी गेली असं मानतात. आणि गंमत अशी, गंमत कसली म्हणा, जिथे सोयी जास्त तिथे आंधळी बाळंही जास्त. कारणं काय काय सुचवली गेली, जीवनसत्त्वं, लोह, उजेड, दूध. एसीटीएच नावाचं हार्मोन दिलं तर बाळं बरी होतात असंही न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना दिसलं, बहुतेकांचे डोळे वाचले, सगळे खूश. मग त्याच डॉक्टरांनी हार्मोन देऊन आणि न देता अशी नीट तुलना केली तर न दिलेली बाळंच जास्त बरी निघाली. आजार बऱ्याच बाळांत आपोआप थांबत होता आणि श्रेय औषधाला जात होतं.

खरं कारण होतं ऑक्सिजन. जीव वाचवायला पेटीत सढळ हाताने सोडलेला ऑक्सिजन. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी तशी शंका मांडली. त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये अर्नाल पॅट्झ यांनी काही बाळांना भरपूर आणि काहींना बेताचा असा प्रयोग सुरू केला, तर रात्रपाळीच्या काही नर्स गुपचूप बेताचा असलेल्या बाळांचाही ऑक्सिजन वाढवून ठेवायच्या. त्यांना वाटायचं हा डॉक्टर प्रयोगापायी बाळं मारणार. त्या वाईट नव्हत्या हो, आपल्या दादासारख्याच होत्या, माया होती म्हणून करत होत्या. आणि नेमकं त्या मायेनेच बाळांचे डोळे जात होते. शेवटी १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ हॉस्पिटलांनी मिळून ७८६ बाळांची ट्रायल केली तेव्हा वाद मिटला.

तेव्हा स्पष्टवक्ता, "काही न देणं" म्हणजे दर वेळी वंचित ठेवणंच असतं असं नाही. कधीकधी न दिलेलेच नशीबवान ठरतात. आधी कळत नाही, हीच तर अडचण आहे.

चौथीओळ

@मागचंपान दंडवत. नर्सची गोष्ट माहीत नव्हती.

स्पष्टवक्ता७

गोष्ट चांगली आहे पण अर्धी सांगितलीत. ऑक्सिजन वाईट कळल्यावर सगळीकडे इतका कमी केला की बाळं दगावायला लागली, ते कोण सांगणार?

मागचंपान

बरोबर, ते राहिलं. तो काटा अजूनही हलतोच आहे. २०१० मध्ये सपोर्ट नावाच्या ट्रायलचा निकाल आला, १३१६ बाळं, रक्तातला ऑक्सिजन ८५ ते ८९ टक्के ठेवायचा की ९१ ते ९५. कमी ठेवलेल्यांत डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्यावर आला पण मृत्यू वाढले. आणि तुमच्या बाजूने एक मुद्दा मीच देते. २०१३ मध्ये अमेरिकन सरकारच्या कार्यालयाने ठपका ठेवला की त्या ट्रायलच्या संमतीपत्रांत आईबापांना हे धोके पुरेसे स्पष्ट सांगितलेच नव्हते. त्यावरून डॉक्टरांतच दोन तट पडले. म्हणून जुनीपाटी, ती २६ पानं वाचताय ते उत्तम करताय.

रिकामटेकडा

२६ पानांवरून आठवलं. मधलं दिसत नाही म्हणून जे आलेत त्यांच्यासाठी बारीक टायपात २६ पानं. ही ट्रायल आहे की नजरेची चाचणी? जो वाचू शकेल तो अपात्र.

कांचनी

हसू नका, मी हे मीटिंगमध्ये बोलून शिव्या खाल्ल्यात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ट्रायलशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं आणि साक्षीदाराचीही सही घ्यायची असा नियम आहे. पण प्रत्यक्षात दुपारी दोन वाजता, बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले, पेशंटला काही दिसत नाही आणि आम्ही "हं, पान अकरा". घरी न्या म्हणावं. चार दिवस लावा.

दोनथेंब

माझा अनुभव वेगळा आहे. डोळे कोरडे पडायचे, वाळू गेल्यासारखं खुपायचं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुरू केल्या, तीन महिन्यांत निम्मा त्रास गेला. मला कुठल्या ट्रायलची गरज पडली नाही. शरीर सांगतं आपलं आपल्याला.

सरासरीमास्तर

@दोनथेंब, नेमकी याचीच ट्रायल झालीय, ड्रीम नाव, २०१८ मध्ये निकाल आला. ५३५ लोक, काहींना रोज ३००० मिलिग्रॅम माशाचं ओमेगा थ्री, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमध्ये ऑलिव्ह तेल. वर्षभराने त्रासाचे गुण, शंभरपैकी मोजतात ते, माशाच्या तेलवाल्यांचे १३.९ ने उतरले. झकास ना? ऑलिव्हवाल्यांचेही १२.५ ने उतरले. फरक नगण्य. म्हणजे तुम्हाला बरं वाटलं ते शंभर टक्के खरं, कुणी नाकारत नाही. माशामुळे वाटलं का, एवढाच प्रश्न.

दोनथेंब

ऑलिव्ह तेलही गुणकारी असेल मग.

सरासरीमास्तर

असेल की! तशी शंका तेव्हा खरंच काढली गेली होती. पण चमचाभर तेलाने इतका फरक पडण्यापेक्षा सोपं उत्तर आहे. त्रास शिगेला पोचला की माणूस उपाय शोधतो, आणि शिगेला पोचलेला त्रास बहुतेक वेळा खालीच येतो. त्यात आपण काहीतरी करतोय याचं समाधान. शॅम हवं ते याच्यासाठी. नाटक पेशंटला फसवायला नसतं, आपल्याला स्वतःला फसवून घेता येऊ नये म्हणून असतं.

दोनथेंब

मी कॅप्सूल बंद करणार नाही.

सरासरीमास्तर

नका करू. मी पण रोज सकाळी उठून एक ग्लास गरम पाणी पितो, काहीही पुरावा नाही.

नंबरवालीआई

अवांतर होईल पण विचारते. मुलीचा नंबर दर सहा महिन्यांनी वाढतोय, ०.०१ टक्के ॲट्रोपिनचे थेंब लिहून दिलेत. हे ट्रायलमध्ये ठरलेलं आहे ना?

चौथीओळ

ठरलेलं होतं, मग उलटलं, मग परत वाद. सिंगापूरला ॲटम टू नावाची ट्रायल झाली, ४०० मुलं, ०.५, ०.१ आणि ०.०१ टक्के. सगळ्यात पातळ डोस जवळजवळ प्लासिबोसारखा (म्हणजे औषध नसलेल्या थेंबांसारखा) निघेल असं धरूनच ठेवला होता. दोन वर्षांनी थेंब बंद केले तर जास्त डोसवाल्या मुलांचे नंबर उसळी मारून वाढले आणि पातळवाली पोरं पुढे निघून गेली! लिंबूटिंबू म्हणून खेळायला घेतलेला गडी मॅच जिंकून गेला. जगभर लोक ०.०१ लिहायला लागले. पण त्यात खरा प्लासिबो गट नव्हताच. मग हाँगकाँगला लॅम्प ट्रायलमध्ये ४३८ मुलं घेऊन प्लासिबोही ठेवला, त्यात ०.०५ सगळ्यात सरस निघालं आणि ०.०१ जेमतेम. आणि २०२३ मध्ये अमेरिकेत १८७ मुलांत ०.०१ आणि प्लासिबो यांत दोन वर्षांनी काही फरकच नाही. तिथली मुलं वेगळ्या वंशांची, म्हणून असेल असंही म्हणतात.

तुमच्या डॉक्टरांना डोसबद्दल विचारा, थेंब आपल्या मनाने बदलू नका. आणि मुलीला घराबाहेर काढा. ग्वांगजौच्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर सोडलं तर तीन वर्षांत चष्मा लागायचं प्रमाण ३९.५ टक्क्यांवरून ३०.४ वर आलं, २०१५ चा अभ्यास आहे.

नंबरवालीआई

धन्यवाद. बाहेर काढणं थेंब घालण्यापेक्षा अवघड आहे.

रिकामटेकडा

बाहेर जाण्याची ट्रायल डबल ब्लाइंड कशी करणार? मुलाला कळायला नको की तो बाहेर आहे.

चौथीओळ

😂 म्हणून तर शाळाच्या शाळा चिठ्ठ्या टाकून निवडल्या. सहा इकडे सहा तिकडे.

वाकडीरेघ

तक्त्याचा विषय निघाला म्हणून एक कबुली. ट्रायलच्या तक्त्यात दर ओळीला पाचच अक्षरं असतात आणि सगळी मिळून दहाच अक्षरं फिरवून वापरतात, सी डी एच के एन ओ आर एस व्ही झेड. हे मला कुठल्यातरी लेखात कळलं. मग तपासणीला अंधुक काही दिसलं की मी बी म्हणायच्या ऐवजी आर म्हणायची, पी सारखं दिसलं तरी आर. तीन अक्षरं वाढली! डॉक्टर खूश. घरी येऊन मलाच लाज वाटली, कारण तेवढ्यावर ते पुढच्या इंजेक्शनची तारीख लांबवणार होते.

कांचनी

वाकडीरेघताई 🙏 म्हणूनच दोन डोळ्यांना वेगवेगळे तक्ते असतात, आणि वाचून घेणाऱ्याला चेहरा कोरा ठेवायचं ट्रेनिंग असतं. "बरोबर" म्हणायचं नाही, "हं" सुद्धा एकाच सुरात. पेशंट म्हणाला दिसत नाही तरी "अंदाज करा" म्हणायचंच. घरी गेल्यावर नवरा म्हणायचा, काहीही विचारलं तरी चेहऱ्यावर रेष हलत नाही तुझ्या.

सरासरीमास्तर

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण जुनीपाटींना गुरुवारी जायचंय आणि आपण माशाच्या तेलात अडकलोय.

जिओग्राफिक ॲट्रोफीचा इतिहास जरा सावध करणारा आहे. लॅम्पलिझुमॅब नावाचं औषध होतं, फेज टूमध्ये आशादायक आकडे, सगळे टाळ्या वाजवत होते. मग क्रोमा आणि स्पेक्ट्री अशा दोन मोठ्या फेज थ्री झाल्या, शॅमपेक्षा काडीचा फायदा नाही. संपलं. नंतर पेगसेटाकोप्लान आलं. एकसारख्या दोन ट्रायल, ओक्स आणि डर्बी, मिळून १२५८ लोक. वर्षाच्या टप्प्यावर ओक्स पास, डर्बी नापास, औषध तेच. दोन वर्षांनी दोन्हीत डागाची वाढ मंदावलेली दिसली, महिन्याच्या डोसला साधारण पाचव्या हिश्श्याने. पण नीट वाचा, वाढ मंदावली, डाग भरून आला नाही. आणि तक्त्यावरच्या अक्षरांत दोन गटांत म्हणावा असा फरक नाही. अमेरिकेने २०२३ मध्ये मान्यता दिली, युरोपच्या संस्थेने तेच आकडे बघून नाकारली. वर काही जणांत वेट प्रकार सुरू झाला, आणि मान्यतेनंतर पडद्याच्या रक्तवाहिन्या सुजल्याची मोजकी पण वाईट प्रकरणं पुढे आली.

तेव्हा आईंना कुणी "परत दिसायला लागेल" म्हणालं असेल तर ते आधी डोक्यातून काढा. या ट्रायलमध्ये यश म्हणजे कमी वेगाने बिघडणं. विचारायचं ते असं. यश कशाने मोजणार, डागाच्या मापाने की वाचता येण्याने? शॅम गटाला शेवटी औषध मिळणार का? मध्येच वेट सुरू झालं तर त्याची इंजेक्शनं लगेच मिळणार ना? आणि मान्यता मिळालेलं औषध जिथे उपलब्ध असेल तिथे शॅम गट का ठेवलाय, हे तर जरूर.

स्पष्टवक्ता७

हे पहिल्यांदाच कुणीतरी नीट बोललं. आणि समजा अर्ध्यात कळलं की औषध उत्तम चालतंय किंवा उलट घातक आहे, तरी दोन वर्षं पूर्ण करणार का?

कांचनी

नाही. एक स्वतंत्र समिती असते, कंपनीची नाही आणि डॉक्टरांचीही नाही. ती मधूनमधून उघडे आकडे, म्हणजे कुणाला काय मिळतंय ते कळणारे, बघते आणि ट्रायल थांबवू शकते. जुनं उदाहरण, मधुमेहाने बिघडलेल्या पडद्यावर लेझर. १९७० च्या दशकात १७०० च्या वर लोक घेतले, प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर आणि दुसऱ्याला नाही, कुठला ते चिठ्ठीने. १९७६ मध्येच दिसलं की लेझरने दृष्टी जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतंय, तर तिथेच ठरलं की ज्यांचा मोकळा ठेवलेला डोळा धोक्यात आहे त्यालाही आता लेझर द्यायचं. बघत बसले नाहीत.

हळदीउजेड

एक इशारा देऊन जाते, बाकी वाचतेच आहे. ट्रायलच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर उठून या. फ्लोरिडात तीन बायकांनी प्रत्येकी ५००० डॉलर देऊन पोटाच्या चरबीतल्या स्टेम सेल डोळ्यांत घालून घेतल्या, एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत. २०१७ मध्ये त्यांच्याबद्दल छापून आलं. मॅक्युलाचाच आजार होता, बऱ्यापैकी दिसत होतं, त्यानंतर जवळजवळ आंधळ्या झाल्या, एकीला तर उजेडही कळेना. सरकारी रजिस्ट्रीवर त्या उपचाराची नोंद होती, त्यामुळे हा अभ्यासच आहे असा समज झाला. नोंद आहे म्हणजे कुणी तपासलंय असं नसतं. शॅम गट नाही, दोन्ही डोळे एकदम, वर बिल. तिन्ही खुणा ठळक होत्या.

स्पष्टवक्ता७

बघा! आणि तुम्ही मला घाबरट म्हणत होता.

हळदीउजेड

अहो त्यात ट्रायलचं काहीच नव्हतं, हाच तर मुद्दा आहे.

जुनीपाटी

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. गुरुवारी जाऊन आले. मास्तरांचे प्रश्न वहीत लिहून नेले होते, डॉक्टर आधी जरा चमकले, मग खुर्ची पुढे ओढून बसले.

यश डागाच्या मापानेच मोजणार, वाचनाचा वेग दुय्यम म्हणून. शॅमवाल्यांना दोन वर्षांनी पुढच्या अभ्यासात औषध मिळेल, पण तोवरचे आकडे बरे आले तरच. वेट सुरू झालं तर त्याची इंजेक्शनं लगेच, तो खर्च त्यांचा. मान्यता मिळालेलं औषध इथे आत्ता मिळत नाही, उद्या मिळायला लागलं तर आम्हाला कळवतील आणि बाहेर पडायचं तर कधीही पडता येईल, नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. एका प्रश्नावर मात्र अडखळले. मी विचारलं, इंजेक्शनने डोळ्यात इन्फेक्शन झालं तर? म्हणाले हजारात एकाहून कमी, पण झालं तर डोळा जाऊ शकतो, ते पान १४ वर आहे. आहे खरं. मी दोनदा वाचूनही पुढे सरकले होते.

एवढा वेळ आई गप्प होती. शेवटी म्हणाली, "डॉक्टर, हे औषध चालतं का नाही ते तुम्हाला खरंच माहीत नाही?" ते म्हणाले, "नाही आजी, खरंच माहीत नाही." "मग ठीक. माहीत असून मला खोटं देणार असता तर आत्ता उठले असते."

सही केली. तिला रेघ दिसत नव्हती, मी बोट ठेवलं त्याच्या वर एक इंच झाली. चालते म्हणाले. दादा अजून बोलत नाहीये माझ्याशी.

वाकडीरेघ

आईंना माझा नमस्कार सांगा.

स्पष्टवक्ता७

मला पटलेलं नाही. पण पान १४ वाचून सही केलीय त्याबद्दल बोलायला जागा नाही. आजींना शुभेच्छा.

जुनीपाटी

धागा वर काढतेय. काल पहिलं इंजेक्शन झालं. स्क्रीनिंगलाच तीन फेऱ्या झाल्या, डागाचं माप ठराविक मर्यादेत बसावं लागतं, थोडक्यात बसलं. कांचनीताई म्हणाल्या तस्सं, आयोडीनच झोंबलं. रात्री डोळा पुसत आई म्हणाली की तिला नक्की कळलंय खरं का खोटं, कारण ▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒

कांचनी

जुनीपाटी, ताबडतोब ते वाक्य काढा! आईंचा अंदाज इथे नको, आणि तिथे अक्षरं वाचून घेणाऱ्या मुलीसमोर तर अजिबात नको. काय सांगावं, ती पण हा धागा वाचत असेल.

जुनीपाटी

काढलं काढलं. आईला पण ताकीद दिली. ती म्हणते, दोन वर्षं तोंडाला कुलूप हे २६ पानांत कुठे लिहिलं होतं?

कांचनी

पान ९.

रिकामटेकडा

मी काढायच्या आधी वाचलं होतं. पण मी इंजेक्शनवाल्या टेबलावर बसतो, कुणाशी बोलत नाही.